रोटाच्या दिवसांत उकडलेला दुधी

भुसावळला रेल्वेत फायरमनची नोकरी जवळजवळ हातात आली होती, आणि अडलं कुठे, तर पोटावर! तपासणीच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, आधी काटा बघितला, मग मला बघितलं. म्हणाले, "इंजिनात कोळसा टाकायला पाहिजे माणूस, वाफ सोडत बसायला नाही. राखीपौर्णिमा झाली की परत या. वजन उतरलं नसेल तर दुसऱ्याला घेऊ."

वर खाणंही सांगितलं. सकाळी ताक, दुपारी एक भाकरी नि उकडलेला दुधी, रात्री नुसता दुधी. तेल नाही, गूळ नाही, शेंगदाणे नाहीत, केळं तर नाहीच. अहो, मी केळीच्या बागेत राहणारा माणूस!

भूक लागली की विहिरीवर जाऊन पाणी प्यायचो. इतकं, की चालताना पोटात डुबुक डुबुक वाजायचं. शेजारी मिरच्या भाजल्या तरी माझ्या तोंडाला पाणी! एकदा बैलांना सरकी घालताना मी तीच हुंगत उभा राहिलो, तर मागून नाना, म्हणजे माझे वडील, ओरडले, "अरे भो, बैलले तरी ऱ्हाऊ दे!"

पण जमत होतं बरं का! पायजम्याची नाडी चांगली लांब उरायला लागली होती. आणि तेवढ्यात श्रावणात आली कानबाई, आमची खानदेशची देवी.

कानबाईला आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून दळतात. त्या पिठाचं जे करतात ते रोट. पुऱ्या, पुरणपोळ्या, रोज ताजं. ते भाऊबंदांनीच खायचं, परक्याला घास द्यायचा नाही, टाकायचं तर नाहीच, आणि पुनवेच्या आत संपलंच पाहिजे. धुळ्याचे काका मुलांना घेऊन येणार म्हणून त्यांच्याही नावाचं दळून झालेलं, आणि नेमका पांझरा नदीला पूर! ते अडकले तिकडेच. खाणारे उरलो आई, नाना नि मी. माहेरी आलेली अक्का लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली, तिला रोट चालत नाही. ती समोर बसून खुदुखुदू हसत होती नुसती.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय..."

"तुना डागदरले कानबाई काय समजस?" आईने माझ्या ताटात पोळ्यांची चवड ठेवली. "बठ्ठं आपलेच खानं पडी." बठ्ठं म्हणजे सगळंच्या सगळं!

तुपाचा वास थेट डोक्यात गेला हो! एक पोळी मी चावलीसुद्धा नाही, गिळली. दुसरीला हात घातला आणि डोळ्यांसमोर तो काटा. नोकरी गेली म्हणून समजा! माझा हात तिथेच थांबला. तर शेजारून नाना कुजबुजले, "तुनी माय चूलकडे वळनी का ताट इकडे सरकाव."

झालं! पुनवेपर्यंत हेच. आई वळली की माझं ताट नानांकडे. मी एक पोळी खायचो, वर दुधी, आणि उरलेली भूक बागेला चकरा मारून जिरवायचो. नाना मात्र जेवून उठताना खांबाला धरायला लागले.

पुनव झाल्यावर भुसावळला पुन्हा काट्यावर चढलो. डॉक्टर वाकले, चष्मा सारखा केला, म्हणाले, "या सोमवारी कामावर."

मी गाडीतून उतरलो तो पळतच घरी. दारात नाना बंडीची बटणं लावत बसलेले, एकही लागत नव्हतं! ओरडलो, "आई, झालं काम! वाढ लवकर!"

आईने मला शेवभाजी वाढली, वर तेलाचा लाल तवंग. मग दुसरं ताट नानांसमोर ठेवलं. त्यात उकडलेला दुधी.

"हाई काय?" नाना म्हणाले.

"ताट सरकताना माले काय दखायनं नही का?" आई म्हणाली, आणि मला अजून एक पळी वाढली.