पेटीवरची एकच ओळ

मला पेटीवर एकच ओळ येते. दुसरी कधी शिकले नाही, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती. पण पोरीनं तबल्याचा ध्यास घेतला. तबल्यासमोर कुणीतरी सोळा मात्रांची एक चाल पुन्हापुन्हा वाजवत बसावं लागतं, तिला लेहरा म्हणतात. तबला वाजवणाऱ्यानं वाटेल तेवढं भटकावं, पण फिरून पहिल्या मात्रेला, समेला, त्या चालीला येऊन गाठावं. राहू गावात आमच्याकडं लेहरा धरायला कोण असणार? नवरा दौंडला रेल्वेत, दोन-दोन दिवस गाडीवरच. मग बसले मीच.

रोज शाळेआधी तासभर. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "काय वो, टेप अडकली का काय तुमची?" मीही ओरडायची, "व्हय, या तुम्हीच काढायला!" डोकंच उठायचं माझं. ओळीत मन रमत नाही, आणि लक्ष उडालं की चाल डगमगते. पोरगी मात्र तबल्यात मान घालून बसलेली, माझ्याकडं ढुंकून बघायची नाही. एका खोलीत दोघी, पण मला फार एकटं वाटायचं.

तळेगावला तिचे तबल्याचे सर होते. त्यांनी मला बजावलं होतं, "वहिनी, ती चुकली तर थांबायचं न्हाई, हळू व्हायचं न्हाई, तिच्याकडं बघायचं बी न्हाई. तुम्हीच हललात, तर तिनं परत यायचं कुठं?"

ती आठवीत असताना शिरूरला एका मंगल कार्यालयात दुपारी तिचा एकटीचा तबला ठेवला. ऐकायला पुण्याहून एक बुजुर्ग तबलजी येणार होते. पसंत पडली तर ते तिला शिकायला स्वतःच्या घरी ठेवून घेणार होते. सर म्हणाले, पेटीला चांगला माणूस आणतो. पोरगी म्हणाली, "आईच पायजे."

निम्मं छान झालं. मग ती जलद वाजवायला लागली, आणि सम आली तरी तिच्यावर पडायचा 'धा' आलाच नाही. बोटं चालली होती, पण कुठल्या कुठं. ती माझ्याकडं बघतेय हे मला न बघता कळलं. वाटलं, एक मात्रा मागं ओढते, कुणाला कळणार हाय? आणि मेलं मन तेवढ्यातही म्हणालं, चुकली तर घरीच राहील. मी भाता मारत राहिले आणि पेटीच्या पट्ट्यांवरून नजर काढली नाही. दुसरी समही तशीच गेली. पोटची पोर हाताच्या अंतरावर बुडत होती आणि मी तिच्याकडं बघत नव्हते.

मग तिनं सगळं सोडून साधा ठेका धरला. एक फेरा शांत गेला. पुढच्या फेऱ्याच्या शेवटी तिनं एकच तुकडा तीनदा घेतला आणि 'धा' असा समेवर आणून ठेवला की ते बुजुर्ग "वाह!" म्हणून पुढं सरकले. लोक टाळ्या वाजवत होते. पेटीवाल्या बाईकडं कुणी बघत नाही ते बरंच असतं. पदरानं डोळे पुसून घेतले.

परतीच्या जीपमध्ये ती म्हणाली, "तू बघितलंसुदिक न्हाईस माझ्याकडं."

"न्हाई."

"बरं केलंस," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर झोपली.

उन्हाळ्यात ती पुण्याला गेली. आधी दर रविवारी एसटीडीवरून फोन यायचा, मग कार्यक्रम वाढले. आता तिच्या लेहऱ्याला मोठमोठी माणसं बसतात. मी एकदा विचारलं, घरी आलीस की वाजवू का गं मी? "अगं आई, तुला कशाला त्रास!" म्हणाली. मायेनंच म्हणाली.

नवरा गाडीवर असला की मी पेटी काढते. दुसरं काय येणार, तीच ओळ. शेजारीण आता ओरडत नाही, आणि मनाला तेच लागतं. सोळा मात्रा होतात, सम येते. अजून मी थांबत नाही, हळू होत नाही. फक्त समेला मान वर करून समोरच्या रिकाम्या चटईकडं बघते.