विचारलं तेवढंच

मला त्या क्लासची पहिल्या दिवसापासून किळस आली. खोली स्वच्छ होती, एसी होता, भिंतीवर विमानाचं मोठं चित्र होतं आणि कोपऱ्यातलं एक यंत्र थोड्या थोड्या वेळानं फुस्स करून मोगऱ्याचा वास सोडत होतं. खरा मोगरा कसबा बावड्यात आमच्या दारात आहे. हा त्याचं नाव लावून आलेला भलताच कुणीतरी होता. तिथं बसून आम्ही नवरा-बायको इंग्रजी प्रश्न आणि त्यांची इंग्रजी उत्तरं घोकत होतो. मुंबईतल्या परदेशी वकिलातीत व्हिसासाठी मुलाखत व्हायची होती, तिथं विचारतात ते प्रश्न.

कारण एकच. आमची एकुलती एक लेक त्या देशात राहते आणि तिला दिवस गेले होते. आधीही एकदा गेले होते. सहाव्या महिन्यात सगळं संपलं. तेव्हा ती तिकडं दवाखान्याच्या खाटेवर, आणि मी इकडं ओट्यापाशी फोन धरून उभी. पडद्यावरच्या तिच्या कपाळावरून मी बोट फिरवलं, तर फोन बंद पडला आणि परत लागेपर्यंत ती एकटी रडत राहिली. या वेळी मी तिच्याजवळ असेन, असा शब्द मी तिला दिला होता. त्यासाठी व्हिसा पाहिजे, व्हिसासाठी मुलाखत, आणि मुलाखतीसाठी राजारामपुरीतला हा क्लास, असं जावयांनी तिकडं बसून ठरवलं.

क्लास चालवणारा मुलगा माझ्या लेकीपेक्षा लहान असेल. त्याला सगळे 'सर' म्हणायचे. मी गडमुडशिंगीच्या मराठी शाळेत जन्म घालवला, अख्खा गाव मला 'बाई' म्हणतो. हा मला 'आंटी' म्हणाला. मी ऐकून घेतलं. अडला हरी म्हणतात त्यातली गत.

"आंटी, प्रश्नाचे प्रकार ओळखायला शिका, निम्मं काम झालं," असं म्हणून त्यानं फळ्यावर रकाने आखले. 'डू यू', 'आर यू', 'हॅव यू' असं तोंडाशी आलं की उत्तर एका शब्दाचं, येस नाहीतर नो. 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हाय' आलं की एक छोटं वाक्य, आणि तोंड बंद. शेवटी शेपूट असलेला प्रश्न आला, म्हणजे 'यू विल वर्क देअर, वोन्ट यू?' असा, तर तो सापळा समजायचा आणि ठासून नो म्हणायचं. "विचारलं तेवढंच सांगायचं. जादा एक शब्द नको."

व्याकरण बरोबर होतं. शिकवायची हातोटीही चांगली होती, खोटं का बोलू. पण मी आयुष्यभर पोरांना सांगत आले की आपल्याला माहीत नाही ते विचारावं, लाजू नये, त्यासाठीच प्रश्न असतो. इथं प्रश्न विचारणाऱ्याला काही जाणून घ्यायचं नव्हतं आणि उत्तर देणाऱ्याला काही सांगायचं नव्हतं. नुसती देवाणघेवाण.

त्यातून आम्ही कोल्हापूरची माणसं. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची आमच्यात रीतच नाही. 'जेवलासा काय?' म्हटलं की 'मग काय उपाशी ऱ्हातोय व्हय?' असं येतं, आणि त्यात कुणाला राग नसतो. आमचे हे शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत सुपरवायझर होते. भट्टीपाशी ओरडून बोलायची सवय, ती घरीही तशीच. पहिल्याच दिवशी सरांनी त्यांना विचारलं, "आर यू मॅरीड?"

"मग ही शेजारी कोण बसल्या?" हे गरजले.

सगळा क्लास हसला. मीही हसले. त्या खोलीत मी मनापासून हसले ती तेवढीच.

"अंकल, तिथं असं बोललात तर पासपोर्ट हातात देऊन वाटेला लावतील," सर म्हणाले. ते हसले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून आमचे हे बदलले, आणि ते मला जास्त लागलं. ज्या माणसानं कधी साहेबाचं ऐकून घेतलं नाही, तो त्या पोरासमोर हात गुडघ्यावर ठेवून बसायला लागला. दाढी करताना आरशात बघून 'नो सर, येस मॅडम' चालायचं. दूधवाल्यानं "उद्या जादा दूध घालू काय?" विचारलं तर हे "नो" म्हणाले, तो बिचारा बघतच राहिला. पुढं पुढं तर कोपऱ्यावरच्या एका ओळखीच्यानं "कुठं निघालासा?" म्हणून हटकलं तर ह्यांनी मान ताठ करून क्लासातलं उत्तर दिलं, "टूरिझम." मी पदर तोंडाला लावून पुढं चालत राहिले.

मग जोडीजोडीनं प्रश्न तयार करायचे दिवस आले. नवऱ्यानं बायकोला विचारायचे, बायकोनं नवऱ्याला. इतकी वर्षं संसार केलेला माणूस माझ्याकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "हू आर यू?" मी म्हणाले, "आय ॲम हिज वाइफ." सर म्हणाले, "व्हेरी गुड, आंटी." ह्यांची 'व्हाय'वर गाडी अडायची. 'यू आर गोइंग व्हाय' असंच यायचं. "आपल्यात बरं हाय," हे वैतागून म्हणाले, "वाक्याच्या बुडाला काय लावलं की झाला प्रश्न. ह्येंच्यात सगळं वाक्य उलटं करून ठेवायला लागतंय." पण शिकले. रोज घोकून घोकून शिकले.

एक दिवस सर दार लोटून घेऊन आमच्याजवळ येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक महत्त्वाचं. डिलिव्हरीचा विषय तोंडातून काढायचा नाही."

"मग कशाला चाललोय म्हणायचं?" मी विचारलं.

"टूरिझम. मुलीला भेटायचं, चार ठिकाणं बघायची, परत यायचं. डिलिव्हरी म्हटलं की त्यांना वाटणार, बाळ सांभाळायला फुकटची आया चालली, आणि गेली की परत येत नाही."

"आणि त्यांनी सरळच विचारलं, पोरगी गरोदर आहे का म्हणून?"

"कुठला प्रकार झाला हा, आंटी? डू-डज-इजवाला. एक शब्द. नो."

"हे खोटं आहे."

त्यानं खिशातून पेपरमिंट काढली, कागद उलगडला, गोळी तोंडात टाकली. "खोटं नाही ओ आंटी," तो म्हणाला, "आन्सर आहे."

मला त्या गोळीसकट त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. रिक्षात बसल्यावर मी ह्यांना म्हणाले, पोटात वाढणाऱ्या लेकराला आपण नाही म्हणायचं? हे म्हणाले, "गप की आता. व्हिसा मिळू दे आधी." घरी येऊन मी लेकीला फोन लावला. मला वाटलं, ती तरी चिडेल, नको म्हणेल. ती म्हणाली, "आई, ते सांगतात तसंच म्हण गं. मला तू इथं पाहिजेस."

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "इज युवर डॉटर एक्स्पेक्टिंग?" आणि मी म्हणाले, "नो." पुन्हा विचारलं, पुन्हा म्हणाले. खरं सांगायचं तर इंग्रजीत ते जड गेलं नाही. त्या शब्दाशी माझी ओळखपाळख नव्हती. लहानपणापासून मी कुणाला रागानं नो म्हटलेलं नाही, लाडानं म्हटलेलं नाही. क्लासात जायचं, तो शब्द तिथं टाकायचा आणि घरी यायचं. घरी आले की आधी देवापुढं जायची आणि मग चूळ भरायची. आधी चूळ भरायला पाहिजे होती, हे मला कधी सुचलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी मुंबईत त्या वकिलातीत आम्ही सगळ्यांसारखे रांगेत उभे राहिलो. आमचा नंबर आला. काचेच्या खिडकीपलीकडे एक तरुण गोरी बाई बसली होती, भुऱ्या केसांची, चेहरा अगदी निर्मळ. तिनं आमचे कागद बघितले, मान वर केली आणि म्हणाली, "नमस्कार. तुम्ही कशासाठी जाणार आहात?"

मराठीत. शिकून घेतलेलं, प्रत्येक शब्द सुटा सुटा ठेवलेलं, पण मराठी.

आमचे हे घोकून आले होते, त्यांना ते थांबवता येईना. "टूरिझम, मॅडम. टू मीट अवर डॉटर."

"किती दिवसांसाठी?"

"थ्री मंथ्स, मॅडम."

ती हसली. "काका, मराठीत बोला ना. मला सराव होईल."

"येस, मॅडम," हे म्हणाले.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. सरांचे सगळे रकाने, सगळे प्रकार डोक्यातून पुसले गेले होते. "काकू, तुम्ही शाळेत शिकवत होता?" व्हय, म्हणाले. मुलगी तिकडं काय करते, जावई काय करतात, मी सांगत गेले. बोलायला बरं वाटत होतं, हे आणखी वाईट. अशी बाई बावड्यात आली असती तर मी तिला चहा केल्याशिवाय सोडलं नसतं. मुलीला मुलं आहेत का, तिनं विचारलं. अजून नाहीत, मी म्हणाले, ते तर खरंच होतं.

मग ती जरा पुढं झुकली. तिचा चेहरा खुलला. नवा शब्द शिकलेलं पोर बाईंसमोर तो वापरायची संधी शोधत असतं, तसा खुलला.

"मग, काही गोड बातमी?"

गोड बातमी. आमच्या बायकांनी हलक्या आवाजात एकमेकींना विचारायचा प्रश्न. माझ्या सासूनं मला विचारलेला, मी लेकीला फोनवर घाबरत घाबरत विचारलेला, आणि तिनं 'हो' म्हटल्यावर ह्या माणसाला हाक मारून स्वयंपाकघरात रडलेली मी. तो प्रश्न काचेपलीकडून आला होता आणि त्याला घोकलेलं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

"न्हाय," मी म्हणाले. "न्हाय हो."

माझ्या स्वतःच्या तोंडानं, माझ्या घरच्या शब्दात. तिचा चेहरा पडला. तिला माझी दया आली. "होईल, काकू," ती हळूच म्हणाली. "काळजी करू नका. होईल." आणि तिनं पासपोर्ट ठेवून घेतले, व्हिसा मंजूर झाला म्हणून सांगितलं, प्रवासाला शुभेच्छा दिल्या.

रस्त्यावर आल्यावर मी पिशवीतली बाटली काढून गटाराच्या कडेला उभी राहिले आणि सगळं पाणी संपेपर्यंत चूळ भरत राहिले. हे घाबरले, "काय गं, उलटी व्हतीया काय?" मी मान हलवली. उलटी होत असती तर बरं झालं असतं. मला त्या क्लासची किळस होती, त्या पोराच्या पेपरमिंटची होती, ह्यांच्या येस मॅडमची होती. त्या सगळ्यांपेक्षा जास्त, मला त्या बाईनं दिलेल्या धीराची शिसारी आली. इतकी चांगली वागली ती माझ्याशी, आणि मी तो धीर मान खाली घालून घेतला.

वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून सांगून टाकते. मी वेळेवर पोचले. नात झाली, धडधाकट आहे, बोलायलाही लागली आहे. मी काही फार देवभोळी नाही. त्या एका शब्दानं तिचं काही वाकडं झालं नाही, होणारही नव्हतं.

पण मुंबईहून परत आलो त्या सकाळी ह्यांनी पेढे आणले आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावला. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, अंगावर शाल. सातवा लागला होता, पोट नीट दिसत होतं. ह्यांना कधी एकदा सांगतो असं झालं होतं. "अगं, मडमेनं मराठीत इचारलं की! गोड बातमी हाय काय म्हनली. तुज्या आईनं काय म्हनावं? न्हाय! असं तोंडावर! मडम गप!" आणि मांडीवर थाप मारून हे हसायला लागले.

लेक हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

"गोड बातमी असं विचारलं?"

"व्हय," मी म्हणाले.

"आणि तू लगेच म्हणालीस?"

"लगेच म्हंजे!" हे मधेच बोलले. "पापनी लवायच्या आत!"

ती ह्यांच्याकडे बघतच नव्हती. ती उत्तराची वाट बघत होती, आणि ते मीच द्यायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "लगेच."

"बरं केलंस," ती म्हणाली. "नाहीतर कुठली येणार होतीस तू." आणि तिनं शालीचं टोक पोटावर ओढून घेतलं, माझी नजर पोटावर पडू नये असं.