अक्काची लिली, माझं लेट्यूस

सुजाताचा फोन आला तेव्हा मी शेडनेटमध्ये लेट्यूस काढत होतो. "मामा, आई गेली..." एवढंच ती म्हणाली. फोन खिशात ठेवला आणि मी काय केलं असेल? उरलेला वाफा काढून संपवला. ऊन चढलं की लेट्यूस माना टाकतं आणि मग हॉटेलवाले घेत नाहीत. हाताला सवयच तशी लागलेली. सख्खी बहीण गेल्याचं कळूनही ते हात थांबले नाहीत, याची आज दीड महिन्यानंतरही लाज वाटते. मग धुळ्याची बस धरली. वाटेत रडू येत नव्हतं. अक्काला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती मी चार वर्षं आज नको, उद्या सांगू म्हणत ठेवली होती.

विमलअक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आम्ही मूळचे दोंडाईचाकडचे, तिला नशिराबादला दिली. भावजी दीपनगरच्या वीज केंद्रात होते. ते गेले आणि अर्धा एकर जमीन, सुजाता आणि अक्का एवढं घर उरलं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो, एकटाच होतो, तेव्हा तिनेच बोलावून घेतलं. "खोलीमा बशीसन काय भिंती मोजस? ये, काहीतरी लाव." दोघांनी मिळून शेडनेट उभारलं आणि मधोमध सुतळी बांधली. अलीकडे माझं, पलीकडे तिचं. जळगावात सँडविच-बर्गरच्या गाड्या वाढत होत्या म्हणून मी लेट्यूस धरलं. अक्काने लिली. हारात घालायच्या पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या मिळतात ती लिली नव्हे. मोठ्या पाकळ्यांची, मंद वासाची, बुकेत दिसते ती. मी तिला चिडवायचो, "अक्का, ही लिली खाता येते का? नुसती शोभा." ती लगेच म्हणायची, "तुनं लेट्यूस तरी कोण खास? लोकं बर्गरमधून काढीसन बाजूले ठेवतस!" आणि खो खो हसायची.

खरं तर एकाच छपराखाली इतकी वेगळ्या स्वभावाची दोन पिकं आम्ही कशी नांदवली, देव जाणे. लेट्यूसचं बी नखाएवढंही खोल गेलेलं चालत नाही, वरून चिमूटभर माती पुरते. लिलीचा कंद वीतभर खाली दाबावा लागतो. लेट्यूसची मुळं उथळ, त्याला रोज थोडं थोडं पाणी हवं, शेणखत हवं. लिलीला एकदा पोटभर पाजलं की माती सुकेपर्यंत तिच्या वाटेला जायचं नाही, नाहीतर कंद सडतो. खताचंही तिचं फार मागणं नसतं, शिदोरी कंदातच भरलेली असते. लेट्यूस दीड-दोन महिन्यांत ताटात येतं. लिली वाट पाहायला लावते. एका बाबतीत मात्र दोघींचं, म्हणजे दोन्ही पिकांचं, एकमत होतं... आपल्या खान्देशचा उन्हाळा दोघांनाही सोसत नाही. लेट्यूस तापलं की तुरा काढतं आणि पानं कडू होतात. लिलीच्या कंदाला तर लावण्याआधी काही आठवडे चांगला गारवा मिळावाच लागतो, त्याशिवाय ती फुलत नाही.

चार वर्षांपूर्वी अक्काचे कंद सप्टेंबरमध्ये आले. लावायला नोव्हेंबर उजाडावा लागणार होता. फेब्रुवारीत सुजाताचं लग्न धुळ्याला ठरलं होतं, आणि लग्नाचं स्टेज घरच्या लिलीने सजवायचं हे अक्काने ठरवून टाकलं होतं. "मी बठ्ठासले सांगी ठेयेल शे," सगळ्यांना सांगून ठेवलंय, असं ती मला रोज ऐकवायची. ओळखीच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडे एक लहानशी थंड खोली होती. मी शब्द टाकला आणि जागा मिळाली. अक्काचे कंद भुशात घालून एका बाजूला, माझे लेट्यूसचे क्रेट दुसऱ्या बाजूला. ठेवणं, आणणं, लक्ष ठेवणं ही जबाबदारी माझी. एकदा व्यापाऱ्याचा माल जास्त झाला म्हणून मला विचारून तिथे पिकत आलेल्या केळीचेही क्रेट ठेवले गेले. मी हो म्हणालो. पाच-सहा दिवसांत माझ्या लेट्यूसच्या पानांवर, मधल्या शिरेजवळ, तपकिरी डाग पडले. पिकत्या केळीतून वायू सुटतो आणि शेजारचं पिकवतो, हे आमच्या जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. मी तर जन्मभर प्रयोगशाळेत काढलेला माणूस. डाग बघताक्षणी कारण कळलं आणि त्याच दिवशी मी माझे क्रेट तिथून हलवले.

कंद हलवले नाहीत.

का नाही हलवले? कंद झोपलेले आहेत, भुशात आहेत, त्यांना काय धाड भरणार, असं मी मनाला सांगितलं. पण ते अर्धंच खरं. आदल्याच आठवड्यात माझं पाणी सुतळीपलीकडे गेलं म्हणून अक्का एका हॉटेलवाल्यासमोर म्हणाली होती, "ह्याले शेतीमधलं काही समजत नई." मला ते लागलं होतं. असेल शहाणी तर बघेल आपली ती, असं कुठेतरी आत होतं. म्हातारपणी माणूस इतका क्षुद्र होऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. कंद त्या केळीशेजारी महिनाभर राहिले.

लिली उगवली. दांडे छान कमरेएवढे झाले. मग तांदळाएवढ्या कळ्या दिसल्या, पिवळ्या पडल्या आणि एकेक करून गळाल्या. केळीचा वायू कंदांनाही भोवला होता, हे मला कळून चुकलं. अक्का रोज सकाळी वाफ्यात उकिडवी बसून त्या वेचायची. "पाणी जास्त झालं का रे?" असं मला विचारायची, आणि मी "थंडी कमी पडली यंदा," म्हणायचो. लग्नात स्टेजवर बाजारातली फुलं लागली. बायका तिला थट्टेने विचारत होत्या, "काय अक्का, तुनी लिली कोठे शे?" ती हसून वेळ मारून नेत होती. पंगतीत मात्र काकडी-टोमॅटोसोबत माझं लेट्यूस वाढलेलं. अक्का प्रत्येक ताटाशी थांबून सांगत होती, "आमना बाळूना वाफामधलं शे, खाई तर देखा." तरी मी बोललो नाही.

त्यानंतर तिने लिली लावली नाही. वर्षभरात गुडघे थकले आणि ती लेकीकडे धुळ्याला गेली. जाताना सुतळी तिनेच सोडली, म्हणाली, "आता बठ्ठं तुनंच." मी धुळ्याला जायचो तेव्हा लेट्यूसची पिशवी न्यायचो. ती कौतुकाने धुऊन ठेवायची. सांगायच्या तयारीने गेलेला मी चहा पिऊन परत यायचो...

अक्काच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे दिवसांचा, कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि सुजाताने आईची एक वही पुढे ठेवली. "यात तुमचंही नाव आहे मामा." आधीच्या पानांवर दोन रकाने होते, एकात माझं लेट्यूस, एकात तिची लिली, कुणाला किती पाणी, किती ऊन. मागे एका पानावर लिहिलेलं, "कळ्या का गळाल्या?" खाली कारणं. पाणी जास्त. सावली कमी. कंद खोल गेले. थंडी कमी, आणि त्यापुढे कंसात, बाळू म्हणतो. पडताळून पडताळून तिने एकेक कारण खोडलं होतं, शाईही वेगवेगळी होती. म्हणजे लग्नानंतरही ती शोधतच होती. शेवटची ओळ तेवढी खोडलेली नव्हती. "माझंच काहीतरी चुकलं."

मी सुजाताला सगळं सांगितलं. केळी, डाग, क्रेट, माझा राग. मी पेन मागितलं. निदान ती शेवटची ओळ खोडावी आणि खरं कारण माझ्या हाताने लिहावं, असं वाटलं. सुजाताने वही हळूच मिटून स्वतःकडे ओढली.

"नको मामा. ते आईने लिहिलंय, तसंच राहू द्या. तुम्हाला लिहायचं तर दुसरीकडे लिहा."

म्हणून हे इथे लिहिलं.