रिकाम्या घराचा दिवा

कॅनडातलं ते सपाट माळरान मी पहिल्यांदा पाहिलं. जिकडे पाहावं तिकडे बर्फ, ना झाड ना माणूस. आमची ही गेल्यापासून वडगाव रासाईच्या मळ्यात मी एकटाच, म्हणून मुलाचा, महेशचा, लकडा होता, 'अण्णा, कायमचे इकडेच या.' बघून ठरवतो, म्हणालो होतो.

त्याचं गाव म्हणजे रूरल म्युनिसिपालिटी. कारभार आपल्या ग्रामपंचायतीसारखा, पसारा अर्ध्या तालुक्याएवढा आणि माणसं एका वस्तीत मावतील एवढीच. महेश तिथे ग्रेडर (रस्त्यावरचा बर्फ सारणारं यंत्र) चालवतो. तो कामावर गेला की घर खायला उठायचं.

एका संध्याकाळी लांबवर दिवा दिसला. दिवा आहे म्हणजे माणूस आहे, चार शब्द बोलून येऊ, म्हणून महेशचं जाकीट चढवून निघालो. मळ्यात आपण असंच जातो की! पण दिवा काही जवळ येईना. नाक बधिर झालं तेव्हा कुठे फाटक आलं.

"हाय का कुणी घरात?" सवयीने मराठीतच हाक मारली.

उत्तर नाही. दारापर्यंतच्या बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. खिडकीतून टेबल दिसलं, दोन खुर्च्या, पालथे घातलेले कप. सगळ्यावर धूळ. मग हा दिवा लावला कुणी?

तेवढ्यात मागे गाडी थांबली. पलीकडे राहणारा म्हातारा वॉल्टर होता. त्याने मला ओढूनच आत बसवलं.

"चालत येतं का कुणी? मेला असतात!"

"इथे कोण राहतं?" मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"कोणी नाही. गेले ते, खूप वर्षं झाली. विजेचं बिल भरून दिवा मीच रात्रंदिवस चालू ठेवलाय. माझ्या खिडकीतून दुसरं काही दिसत नाही."

घरी नेऊन त्याने मला गरम बोर्श्ट (बिटाचं आंबटसर सार) पाजलं. स्वतः खाताना मात्र त्याची नजर सारखी खिडकीकडे जात होती.

परत निघताना विमानतळावर महेशला म्हणालो, काय ते घरी पोचून कळवतो.

मळ्यात उतरलो तेव्हा अंधारून आलं होतं. दाराला कुलूप तसंच, पण पडवीतला दिवा चालू. उसात काहीतरी सळसळलं.

"कोण हाय?"

"मीच हाय वो," शेजारच्या मळ्यातले आबा काठी टेकत बांधावरून आले. "बटण भाईरच हाय न्हवं, रोज लावतुया."

"बिबट्या येऊ नये म्हणून व्हय?"

"न्हाई वो. जेवाय बसल्याव तुमचा दिवा दिसला न्हाई, तर घास उतरत न्हाई."

तेवढ्यात महेशचा फोन आला. "पोचलात? ठरलं का अण्णा?"

"ठरलं. मी हितंच ऱ्हातो," म्हणालो. "आबांचं जेवण व्हायचंय अजून."