अण्णांची आकाशगंगा

वीज गेली की आमच्या जयनगरच्या गल्लीत एकच माणूस खूश व्हायचा. बाकीचे मेणबत्त्या शोधत वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडायचे, आणि वरच्या मजल्यावरचे अण्णा जिन्यातून ओरडायचे, "करंट गेला! गच्चीवर या सगळे, लवकर!" ते गेल्यापासून अशी हाक कुणी मारत नाही. मला फार चुकल्यासारखं होतं.

अण्णांचं शिवाजीनगरला चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घ्यायची आणि संध्याकाळी आभाळ. थंडी पडली की उत्तरेकडे बोट करून म्हणायचे, "तिथे दुसरी आकाशगंगा आहे. दुर्बीण नको, काही नको. स्वल्प बाजूला बघ. सरळ बघितलंस की पळते." मला पहिल्यांदा तो धुरकट ठिपका दिसला, तेव्हा मी चष्मा काढून ओढणीने पुसला. अण्णा खो खो हसले. "माझी सगळी गिऱ्हाइकं हेच करतात! अगं, बोटाचा डाग नव्हे तो. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे. पुसून कुठे जातोय?"

दिसत नव्हती ती फक्त त्यांच्या बायकोला, अक्कांना. "अख्ख्या शिवाजीनगरला दिसायला लावलं, आणि घरात ही तऱ्हा," अण्णा हळहळायचे. एका संध्याकाळी अक्का अचानक म्हणाल्या, "अहो, दिसली की!" अण्णांनी गल्लीभर मैसूरपाक वाटला. दुसऱ्या दिवशी अक्का मला हळूच म्हणाल्या, "कसली दिसतेय, डोंबल! पण त्यांचा पडलेला चेहरा किती वर्षं बघायचा?" मी कुणाजवळ बोलले नाही.

पुढे अक्का गेल्या. घरोघरी इन्व्हर्टर आले, वीज गेली तरी गल्लीत अंधार होईना. त्यात अण्णांना काचबिंदू झाला. चष्मेवाल्याला काय सांगायचं? त्यांना सगळं कळत होतं. "डोळे आहेत तोवर एकदा बघायचीय गं. तिने आणि मी मिळून बघितलेली," म्हणायचे. मी "येत्या रविवारी नक्की" म्हणत दोन हिवाळे घालवले. त्याची मला अजून लाज वाटते.

शेवटी तिसऱ्या हिवाळ्यात निघालो. शहराच्या टोकाचं बोम्मसंद्रा मागे पडलं तरी दिव्यांनी आभाळ पिवळंच होतं. आणखी तासभर गाडी चालवल्यावर एका माळावर खरा अंधार मिळाला. मला उत्तरेला ती आकाशगंगा लगेच दिसली. अण्णांनी थोडा वेळ तळव्यांनी डोळे झाकले, मग मान वर केली.

"दिसली का हो अण्णा?"

"दिसली की! इतक्या लांब आणलंस, दिसणार नाही?"

त्यांचं तोंड दक्षिणेकडे होतं.

मी त्यांचा हात धरला. ते तसेच वर बघत म्हणाले, "तिलाही अशीच दिसली असेल, नाही?"

"हो अण्णा," मी म्हटलं, "अगदी अशीच."