माझं पीपीएफ खातं बंगळुरूला येतं

माणसानं करमुक्त बचत जरूर करावी, पण त्याबाबत सासऱ्यांना अक्कल शिकवू नये, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

माझं पीपीएफ खातं पुण्यातल्या एका बँकेत आणि मी बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात. ते इथल्या बँकेत आणायचं ठरलं. सासरे, म्हणजे अण्णा, मल्लेश्वरमला राहतात. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. ते म्हणाले, "स्वल्प थांबा, जावईबापू. नवं खातं उघडू नका, जुनं बंद करू नका. पासबुक घेऊन पुण्याच्या शाखेत अर्ज द्या. कागद, पैसे, सगळं तीच शाखा इकडे पाठवते. खातं जुनंच राहतं, झालेली वर्षंही धरतात."

"अण्णा, तो जमाना गेला!" मी हसलो. (माझी बायको मंजिरी त्या हसण्याची नक्कल अजून पाहुण्यांना करून दाखवते.) आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मी फोनवर नवं पीपीएफ खातं उघडलं. 'माझं दुसरं पीपीएफ खातं नाही' या चौकोनावर न वाचताच बोट टेकवलं. वर भरघोस पैसेही भरले!

दुसऱ्या दिवशी इथल्या शाखेत जाऊन ऐटीत म्हणालो, "मॅडम, पुनेवाला इसमें डाल दीजिए."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "सर, एक आदमी, एक पीपीएफ. आपके दो हैं. पुने में इस साल का लिमिट भर दिया?"

"एप्रिलमध्येच!" अभिमानाच्या भरात मी मराठीतच बोललो.

"फिर ये पैसा बिना ब्याज वापस. खाता बंद. घर में कोई बडा नहीं है क्या, पूछने को?"

होते ना! सोफ्यावरच बसले होते!

झक मारत पुण्याला गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्जावरची सही पाहिली. "ही सही तुमची नाही."

"अहो, आत्ता तुमच्यासमोर केली!"

"केलीत तुम्ही. पण तुमची नाही."

खातं उघडलं तेव्हा, नोकरीच्या पहिल्या वर्षी, मी सहीखाली दोन रेघा आणि तीन टिंबं देत असे म्हणे! फोटो, आधार, पॅन असं सगळं देऊन मी तो मीच असल्याचं कसंबसं सिद्ध केलं.

दोन महिन्यांनी कागद बंगळुरूला पोचले. माझी फजिती बघायला मंजिरी आणि अण्णा हौसेनं शाखेत आले. मॅडमनी पुण्याहून आलेला मूळ फॉर्म उघडला.

"नॉमिनी श्रावणी मॅडम... आप ही हैं?"

"नहीं," मंजिरी म्हणाली. "मैं मंजिरी."

अण्णा भिंतीवरचे व्याजदर एकाग्रतेनं वाचू लागले.

"नॉमिनी मतलब, सर को कुछ हुआ तो पैसा इनको," मॅडमनी नियम समजावला. माझ्याकडे न बघता!

"अगं, ऑफिसातली मैत्रीण होती! तेव्हा तू भेटलीही नव्हतीस!"

"मी भेटून चौदा वर्षं झाली रे."

मॅडमनी नॉमिनी बदलायचा फॉर्म पुढे सरकवला. मी मंजिरीचं नाव लिहिलं आणि पुढच्या 'नातं' या रकान्यात पेन टेकवलं.

"तिथे पेन्सिलनं लिही," मंजिरी म्हणाली.

मी मॅडमकडे पेन्सिल मागितली.