शेठचा खून
मशीनच्या तेलाचा वास आला की नारपोलीतला लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आठवतो. तिथे कारकुनी करताना मी जेवणाच्या सुट्टीत रहस्यकथा लिहायचो. एकदा चहा पिऊन परतलो, तर शेठ माझी वही वाचत उभे होते. कथेत लूमच्या शेठचाच खून होता आणि किंकाळी ऐकून कामगार धावत येत होते. आता नोकरी जाणार, असं मला वाटलं. "यातला मेलेला शेठ मीच ना?" त्यांनी विचारलं. मी वही घ्यायला हात पुढे केला. "अरे, लूम चालू असताना किंकाली कुनाला ऐकू येनार? लूम अचानक बंद पडले, तर सगले धावतील. नीट लिही," म्हणत त्यांनी वही परत दिली. आता पुष्कळ कथा छापून आल्या, पण खुनाचा प्रसंग लिहिताना अजूनही किंकाळी लिहायला हात धजत नाही.